तक्रारपेटीची किल्ली

मंगळवार, ४ तारीख

ताई, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज चार ओळी लिहीन आणि वही भरली की तुला पाठवीन असं कबूल करून आलो, आणि चार दिवस वहीला हातही लावला नाही. मोबाइल फाटकावरच जमा करून घेतात, तेव्हा आता वहीच खरी. शेजारीणबाई तुला वाचून दाखवतील. त्यांना सांग, अक्षराला हसू नका, चौथीत शाळा सुटलेल्याचं आहे.

नोकरी झकास आहे. कारखाना हातमोज्यांचा, डॉक्टर घालतात त्या पातळ रबरी मोज्यांचा. माल घेणारी कंपनी समुद्रापलीकडची, खूप मोठी. तिची अट अशी की मोजे करणाऱ्यांत एकही माणूस जबरदस्तीने राबवलेला नको. म्हणून इथे भिंतीभिंतीवर पाट्या आहेत आणि जेवणघराच्या दाराशी पत्र्याची निळी तक्रारपेटी आहे. तिची किल्ली माझ्या गळ्यात! रोज सकाळी पेटी उघडायची, चिठ्ठ्या मोजायच्या, आकडा नोंदवहीत लिहायचा. तू म्हणायचीस, हा जन्मभर नुसती काळजीच करणार. घे, आता काळजी करायचीच नोकरी लागली.

कामगार-कल्याणाचे साहेब फार गोड बोलतात. मागून सगळे त्यांना गोडबोल्याच म्हणतात. मला काका, काका करतात. माझं ओळखपत्र त्यांनी तिजोरीत ठेवून घेतलं. इथे वस्तू हरवतात काका, आणि तुमचं वय झालं, म्हणाले. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन अठ्ठावीसला आहे, मला आलंच पाहिजे, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. सत्तावीसला स्वतः फाटकापर्यंत सोडतो, म्हणाले.

बुधवार, ५ तारीख

माझ्या टेबलाच्या खणात आधीच्या किल्लीवाल्याचा चष्मा सापडला. एक काडी दोऱ्याने बांधलेली. गावी गेले, विसरले असतील, म्हणाले साहेब. चष्मा विसरून माणूस घरी कसा पोचला असेल, याचीच मला दिवसभर काळजी.

आज आतलं काम पाहिलं. साखळीला चिनी मातीचे पांढरे हात उलटे टांगलेले असतात, शेकड्यांनी. ते रबराच्या काहिलीत बुडतात, तापतात, आणि पुढे माणसं त्यांच्यावरून मोजे ओढून काढतात. या कामाला इथे सोलणं म्हणतात. वास मुतारीसारखा, डोळ्यांत जाणारा. जेवणाच्या घासालाही तोच वास. वाढपीणबाई म्हणाल्या, महिनाभर थांबा आजोबा, मग घरचं जेवण बेचव लागेल. स्वतःच हसल्या.

शुक्रवार, ७ तारीख

पेटीत चिठ्ठी नव्हती. एक मोजा होता, तोंडाशी गाठ मारलेला. आत काहीतरी खुळखुळलं. वाटलं, कुणी चेष्टा केली. गाठ सोडून टेबलावर उपडा केला.

नखं होती, ताई. कापलेली नव्हेत. मुळासकट आलेली, पिवळी, खाली वाळलेलं मांस. पाच.

साहेबांना सांगायला गेलो तर म्हणाले, सोलताना कधी कधी होतं, जुन्या लोकांची सवय असते काहीबाही टाकायची. मग नियमांची पुस्तिका काढून एका ओळीवर बोट ठेवलं. छापील चिठ्ठीवर, पेनाने लिहिलेली, ती तक्रार. बाकी कचरा, तो भट्टीत. वहीत मी शून्य लिहिलं.

सोमवार, १० तारीख

आज तीन मोजे. एकात नखं. एकात हाताची सोललेली कातडी, ओल्या कागदासारखी, बोटांच्या ठशांसकट. तिसरा उघडलाच नाही. तो कोमट होता.

छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याच खणात आहे, दोरीसुद्धा सुटलेली नाही. पेन आत नेऊ देत नाहीत, शाई मोज्याला लागते म्हणून. मग हे लोक लिहिणार कशाने? विचारलं. साहेब म्हणाले, काका, तुम्ही फार खोलात जाता बुवा.

तिन्ही भट्टीत टाकले. शून्य लिहिलं.

गुरुवार, १३ तारीख

माझ्याच्याने राहवेना. दुपारी चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन जेवणघरात गेलो, म्हटलं, सांगा, मी लिहितो. एका बाईने फक्त हात वर केला. बोटांची टोकं लाल, गुळगुळीत, शिजलेल्या कोळंबीसारखी. ती म्हणाली, ओळखपत्र तिजोरीतून कधी मिळेल एवढंच लिहा आजोबा, आणि खाली सही कुणाची घालणार ते आधी सांगा. बाजूचा एकजण म्हणाला, स्वतःचीच घाला की, तुमचंही तिथेच आहे ना.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोमवार, १७ तारीख

साहेबांनी बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. काका, डोळ्यांना ताण देऊ नका, लिहायचं काम तुमचं नाही, म्हणाले. आवाज तोच, लोण्यासारखा. चोवीसला माल घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम पाहणीला येणार. त्यांना काय सांगायचं ते तुम्हाला कळतंच, सत्तावीसला घरी जायचंय ना, म्हणाले. मी मान डोलावली.

मी ठरवलंय. मॅडमना सगळं सांगणार. एक मोजा खिशात ठेवून दाखवणार.

गुरुवार, २० तारीख

सोलणाऱ्यांच्या रांगेत एक म्हातारा दिसला. प्रत्येक मातीचा हात नाकाला लागेपर्यंत जवळ आणून बघत होता. खणातला चष्मा आणून त्याच्या कानांवर चढवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं, आणि विचारलं, चिठ्ठी अजून छापीलच लागते का?

मी हो म्हटलं.

मीही जाळायचो, म्हणाला. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. याची काच माझ्या उपयोगाची नाही आता, खणात ठेव, तुझाही तिथेच जाईल, म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांना नखं नव्हती.

सोमवार, २४ तारीख

पहाटे पेटीचं झाकण वर आलेलं. मोजेच मोजे. सगळे गाठी मारलेले, पाचही बोटं फुगलेली. जणू पेटीत माणसंच कोंबली होती आणि हातच तेवढे वर आले होते. साहेब म्हणाले, मॅडम फाटकाशी आहेत, उचला. पोतं भरलं. भट्टीत घातलं. एक खिशात ठेवला.

सगळ्यांना ओळखपत्रं वाटली. मलाही. किती दिवसांनी माझा फोटो पाहिला.

मॅडम चांगल्या होत्या, ताई. मनापासून विचारत होत्या. पण भट्टीचा वास पसरला, जळक्या नखांचा, केसांचा. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मलाच विचारलं, हा कसला वास?

मी म्हटलं, रबराचा.

मग विचारलं, पेटीत किती तक्रारी आल्या? साहेब माझ्यामागे उभे होते. खिशातला मोजा मांडीला चिकटला होता. गरम. मी म्हटलं, शून्य. त्या इतक्या खूश झाल्या. माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांनीही मोजे घातले होते. इथलेच.

गाडी गेल्यावर ओळखपत्रं परत गोळा केली. मी आपणहून काढून दिलं. आपणहून.

मंगळवार, २५ तारीख

अंग तीनदा धुतलं. वास जात नाही. शून्य लिहिणारा हात सगळ्यात जास्त घाणेरडा वाटतो. जेवताना तोच तोंडाशी न्यावा लागतो.

घरी जायचं विचारलं. साहेब म्हणाले, नक्की काका. फक्त रांगेत एक बाई पडली आहे, दोन दिवस हात लावा. कोळंबीसारख्या बोटांची तीच बाई. कुठे ठेवलंय तिला, कुणी सांगत नाही. किल्ली काढून घेतली. चष्म्यावर रबर उडेल म्हणून चष्मा खणात — माझा.

गुरुवार, २७ तारीख

आज सोडणार होते. कुणी आलं नाही. फाटकावर गेलो, ओळखपत्र दाखवा म्हणाले.

उजव्या अंगठ्याचं नख हललं. ओढलं नाही मी. मोज्याबरोबर आलं. रक्त कमी, पाणीच जास्त — पेन्सिलीचा तुकडा पायमोज्यात लपवलाय, त्यानेच लिहितोय.

वाढपीणबाई माझ्याकडे बघून हसल्या नाहीत.

शुक्रवार, बहुतेक २८

आज तुझा डोळा. सोबत कोण गेलं? मी रस्त्यात आहे असं समजत असशील.

ही वही तक्रारपेटीच्या फटीतून जात नाही. एक कोरं पान फाडलं, त्यावर तुझा पत्ता आणि तीन ओळी. बोटांत पेन्सिल धरवत नाही, अक्षर मोठं आलंय. रात्रीपर्यंत आणखी दोन नखं आली, ती सगळी त्यातच गुंडाळली, खरं वाटावं म्हणून. काल रात्रीच पेटीत टाकलं.

नवा किल्लीवाला आलाय. म्हाताराच. खुशीत आहे, सगळ्यांना नमस्कार करतोय. गोडबोल्या त्यालाही काका म्हणतो —

मी जेवणघराच्या रांगेत उभा आहे. तो पेटी उघडतोय. नीट दिसत नाही. पान हातात घेतलं — उघडलं — तोंडावर हात ठेवला. वाच, बाबा. वाच, पत्ता आहे त्यावर —

गोडबोल्या पुस्तिका दाखवतोय. ओळीवर बोट ठेवून.

त्याने नोंदवही ओढली. पेन टेकवलं. इथून अक्षर दिसत नाही, पण हात दिसतो. हात गोल फिरला.

ताई, लवकर कळव — डोळा कसा आहे — पत्र नको, इथे पत्र पोचणार नाही — कुणाला तरी फाटकावर पाठव, मोठ्याने माझं नाव — त्या मॅडमना सांग, शून्य मीच — लवकर, ताई, लवकर —

तो पान घेऊन भट्टीकडे