कुणाचा दिवस मोडू नये म्हणून

सर,

आज दुपारी माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं आणि माझी मीच दचकले. किनवटकडचा एक बाप आला होता. त्याची मुलगी इथं नांदेडात क्लासला आहे, मेडिकलची तयारी करते. ती राहते त्या हॉस्टेलच्या जिन्याला रात्री बाहेरून कुलूप घालतात आणि किल्ली मालक घरी घेऊन जातो. "उद्या काही झालं तर पोरी उतरतील कुठून, मॅडम? पोरगी रोज फोनवर रडून राहिली," असं तो सांगत होता. मालकाला सांगून झालं होतं, क्लासवाल्यांना सांगून झालं होतं, आता पेपरात येऊ द्या म्हणत होता. पत्रकार परिषदा जमवून देणारी बाई म्हणून कुणीतरी त्याला माझ्याकडं धाडलेलं. मी सवयीनं फोन उचलला आणि एकेकाला विचारत गेले, कधी मोकळे आहात. निकालाचे दिवस आहेत. सगळे क्लासवाल्यांच्या जाहिराती गोळा करण्यात गुंतलेले, वर्षाची कमाई याच आठवड्यात. सगळ्यांनी एकच सांगितलं, निकाल होऊन जाऊ द्या, मग येतो. मी फोन ठेवला आणि त्या बापाला म्हणाले, "चार दिवसांनी काय बिघडतंय, भाऊ? आज बोलावलं तर दोघं येतील, नंतर बोलावलं तर सगळे येतील." शब्द न् शब्द तुमचा. त्याला ते पटलंही होतं, तो मान डोलवत होता.

लातूरला गंजगोलाईजवळच्या तुमच्या माडीवर मी टायपिंग शिकायला आले तेव्हा बारावी झालेली होते आणि अहमदपूरहून येऊन काकांकडं राहत होते. वडील शाळेत मास्तर, त्यांच्या मते मुलीनं टायपिंग केलं की सरकारी कचेरीची अर्धी पायरी चढलीच. कचेरी काही मिळाली नाही. परीक्षा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "घरी बसून काय करतीस बेटा, हितंच ये." आणि मी तुमच्याकडं कामाला लागले. टायपिंगचे वर्ग सकाळ-संध्याकाळ. मधल्या वेळात तुमच्याकडं वेगळीच माणसं चढून यायची. संघटनेचे, पतसंस्थेचे, नाट्यस्पर्धेचे, पाण्यासाठी मोर्चा काढणारे. त्यांना प्रेसनोट टाईप करून हवी असायची, स्टेन्सिल कापून तिच्या प्रती हव्या असायच्या, आणि नंतर हळूच विचारायचे, सर, पत्रकार जमतील का? शेजारून खुर्च्या, खालच्या हॉटेलातून चहा, आणि पत्रकार तुम्ही जमवायचे. हा धंदा तुम्ही कधी ठरवून सुरू केला नव्हता. लोक मागत गेले आणि तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. एकूणच तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही.

मुक्त पत्रकार वगैरे शब्द तेव्हा आपल्याकडं कुणी वापरत नव्हतं. वार्ताहर म्हणायचे. पगार नाही, छापून आलं तर थोडेफार मिळणार, आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. निलंग्याच्या वार्ताहराचं खत-बियाणांचं दुकान होतं. अहमदपूरचा प्राथमिक शाळेत शिक्षक, माझ्या वडिलांच्या ओळखीतला. फोटोग्राफर तर लग्नाचाच माणूस, लग्नसराईत तो देवालाही भेटायचा नाही. तुम्ही हे सगळं तोंडपाठ ठेवून तारीख काढायचे. निलंग्याचा बाजार टाळायचा, दाट तिथी टाळायची, शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून शनिवारची दुपार धरायची. आणि परिषद अशा वेळी संपवायची, की बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पडलंच पाहिजे. तुमच्या शुक्रवारच्या नमाजाची वेळ मात्र तुम्ही कुणाला सांगायचे नाहीत. परिषद शुक्रवारी आली तर तुम्ही गुपचूप जाऊन यायचे आणि तोवर मी चहा फिरवायची.

एकदा तुम्ही गावाला गेलेले असताना मी माझ्या अकलेनं तारीख काढली. पापड-लोणच्याच्या एका महिला मंडळाची परिषद होती. मृग लागलेला, पाऊस झालेला, आणि मी निलंग्याच्या त्या माणसाला ऐन पेरणीत दुकान बंद करून यायला लावलं. तो आला, पापड खाल्ला, चार ओळी लिहून घेतल्या, गेला. तुम्ही परत आल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं की सगळे आले होते. तुम्ही चष्मा काढलात. "तुला वाटतं पत्रकार म्हंजे एसटी स्टँडवरची गाडी हाय, फलाटाला लागूनच असती? त्याची वर्षाची पेरणी तू पापडासाठी मोडलीस. ज्याचा दिवस मोडला, तो आपली बातमी नीट कामून लिहील?" मला रडू आलं. मग तुम्ही भजी मागवली, आणि माझी नक्कल करून दाखवली, 'सगळे आले होते सर' असं नाकात बोलून. तेव्हापासून मी फोन हातात घेतला की पहिला प्रश्न हाच विचारते, तुमचं काम कधी असतं. इथले क्लासवाले माझ्यावर वैतागतात. त्यांना वाटतं, पैसे आम्ही देतो, तारीख पत्रकारांची कशी काय.

गणपती बसले होते तेव्हा ते दोघं माडी चढून आले. औशापलीकडच्या एका गावचे शाळामास्तर आणि त्यांच्या भावकीतली एक म्हातारी, जिला ते आक्का म्हणत होते. आक्का दम खात भिंतीला टेकून खालीच बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. मास्तर सांगत होते की गावात जमीन गुरगुरते. पुष्कळ महिने झाले. कधी भांडी वाजतात, कधी नुसताच आवाज येतो. लोक अंगणात निजतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पावसात हाल होतात. अर्ज देऊन झाले, साहेब येऊन गेले. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी येतात. "सगळ्या पेपरांत एकाच दिवशी आलं पाहिजे सर," मास्तर म्हणाले. "पत्रे द्या म्हणावं, तंबू द्या म्हणावं. न्हाई तर काय हाय ते एकदा येऊन सांगा म्हणावं." तुम्ही तिथंच बसून एसटीडी बूथवरून सगळ्यांना फोन करून आल्यासारखे हिशोब लावायला लागलात. गणपतीत सगळे वार्ताहर पुरवण्यांच्या जाहिरातींमागं. फोटोग्राफर मंडळांना बांधलेला. दुसऱ्या दिवशी खरोखर फोन केलेत, तेव्हाही सगळे तेच बोलले, विसर्जन होऊ द्या. पण तुम्ही ते आदल्या दिवशीच ओळखलं होतं, आणि मास्तरांना विसर्जनानंतरचा शनिवार दिलात. "जरा अलीकडं न्हाई का जमायचं?" मास्तर म्हणाले. मग तुम्ही ते वाक्य बोललात, जे आज मी बोलले.

मास्तर जीप मिळते का पाहायला खाली गेले. आक्का उठल्या, दाराशी थांबल्या. बाहेर पाऊस होता. त्यांनी तुम्हाला विचारलं, "तवर आमी आत निजावं का भाईर, भाऊ?" हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला, अजून ऐकते. त्यात तक्रार नव्हती. बसच्या वेळेची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, तुम्हाला एवढ्या तारखा ठाऊक आहेत तर हेही ठाऊक असेल अशा विश्वासानं.

विसर्जनाची रात्र उलटून पहाटे भूकंपानं काय केलं ते साऱ्या जगाला माहीत आहे. लातुरात आमच्याकडं फळीवरची भांडी खाली आली आणि काका आम्हाला ओढत रस्त्यावर घेऊन गेले, तेवढंच. उजाडल्यावर तुम्ही कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तिकडं गेलात. मागाहून मशीनही नेलं आणि मदतीच्या छावणीत अर्ज टाईप करत बसलात. ज्या गावासाठी आपल्याला आठ-दहा माणसं जमवता आली नव्हती, त्या भागात आता परदेशातून कॅमेरे आले. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणाची पेरणी आडवी आली नाही. निलंग्याच्या त्या वार्ताहरानं दुकान महिनाभर उघडलं नाही, दिल्लीहून आलेल्यांना वाट दाखवत फिरला. शनिवारी मी एकटीच माडीवर होते. खुर्च्यावाल्याला नको म्हणून सांगायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. तो आला, खुर्च्या उलगडून ओळीनं मांडल्या आणि निघून गेला. संध्याकाळी तुम्ही धुळीनं माखून परत आलात, त्यातल्या एका खुर्चीवर बसलात आणि बोटानं समोरच्या रिकाम्या खुर्च्या मोजू लागलात. मला तेव्हा तुमची भीती वाटली, सर.

दिवाळीच्या सुमाराला मास्तर आले. ते वाचले होते, विसर्जनाहून परतताना वाटेतच होते म्हणून. तुम्ही आक्कांचं विचारलंत. "आक्का आतच होती," ते म्हणाले. "लई दिवस भाईर निजून निजून अंग धरलं होतं तिचं." ते गेल्यावर तुम्ही दार ओढून घेतलंत आणि मला विचारलंत, "बेटा, आक्कानं मला विचारलं, आत निजावं का भाईर. मी काय म्हणालो?"

मी म्हणाले, "बाहेरच निजा म्हणालात, सर."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानंतर तुम्ही काम सोडलं नाहीत, पण तारीख सोडलीत. प्रेसनोट तुम्ही टाईप करायचे, तारखेची जागा मोकळी ठेवायचे आणि कागद माझ्याकडं सरकवायचे. "तारीख तू घाल." लोकांना वाटायचं सरांनी पोरीला पुढं आणलं. तसंही झालं खरं. तुमच्या त्या मोकळ्या जागांवर मी आजवर पोट भरते आहे. लग्न होऊन नांदेडला आले तोवर टायपिंगचे वर्ग ओस पडले होते, कॉम्प्युटर आले होते. तुमची माडी एका क्लासनं भाड्यानं घेतली, तुम्ही खाली मागच्या खोलीत राहू लागलात. जिथं खुर्च्या मांडायचो तिथं गावोगावची पोरं दाटीवाटीनं बसून फिजिक्स शिकू लागली. मी माहेरी जाताना वाकडी वाट करून तुम्हाला भेटायला यायची. दर वेळी शिरखुर्मा नाहीतर चहा, मुलांची चौकशी, माझ्या बोलण्यात नांदेडचं काय शिरलं त्याची चेष्टा. आणि मी चप्पल घालायला लागले की तो प्रश्न. "मी काय म्हणालो, बेटा?" बाहेरच निजा म्हणालात. कधीकधी मी त्यात भरही घालायची. पाऊस असला तरी बाहेरच निजा, पांघरूण घ्या, असं म्हणालात. तुमचा चेहरा थोडा सैल व्हायचा आणि मी समाधानानं गाडीत बसायची.

शेवटच्या भेटीत तुम्ही अंथरुणाला खिळलेले होतात. वर माडीवरून क्लासच्या पोरांच्या बाकांचा आवाज येत होता. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही माझ्याकडं पाहून हसलात. "तू लई पक्कं सांगतीस. एवढं पक्कं कुणालाच काही आठवत नसतंय." मला वाटलं तुम्ही आणखी काही बोलाल. तुम्ही डोळे मिटलेत, आणि मी शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

मी तुमच्यावर रागावलेय का, हे मला आज कळत नाही. तुम्ही कुणाचा दिवस मोडू दिला नाहीत, यात चूक काय शोधायची? अलीकडची तारीख दिली असती, दोघंच आले असते, कोपऱ्यात दोन ओळी आल्या असत्या आणि जमीन तरीही हललीच असती. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते ऐकूही येत नाही. पण पावसात दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'भिजू नका, आत निजा' म्हणणं हे किती तुमच्यासारखं आहे. तुम्हीही त्यालाच भीत होतात. आता मला तुमच्या आवाजात दोन्ही उत्तरं ऐकू येतात, आणि दोन्ही तितकीच खरी वाटतात.

आज मी त्या किनवटच्या माणसाला उद्याची तारीख दिली. तिघं येतो म्हणालेत, त्यातला एक मोबाईलवर बातम्या चालवणारा पोरगेलासा मुलगा आहे. बाकीचे नाराज झाले, एकानं सुनावलंही, आमचा दिवस तुम्हीच मोडणार होय ताई. मुलीला आजच घरी घेऊन जा, असं मी त्या बापाला दोनदा सांगितलं. त्याच्याकडून वदवूनही घेतलं.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिता तरी येतंय. आक्कांनी विचारलं ते मी ऐकलं, सर. पण पाहुणे तसेच निघाले म्हणून मी लगेच गॅलरीत गेले होते. तुम्ही उत्तर दिलंत तेव्हा मी कठड्यावरून वाकून खाली हॉटेलवाल्याला चहा सांगत होते.