तत्त्वतः निवड

३ जून
पीएचडी झाली. बायकोला सांगितलं, आता नोकऱ्या दारात रांग लावतील. ती म्हणाली, तोवर दादाच्या टायरच्या दुकानात बसायला काय हरकत आहे? माझा विषय बसथांब्यावरच्या प्रतीक्षेचं समाजशास्त्र. टायर कुठे, मी कुठे!

१९ ऑगस्ट
ढीगभर अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. माझी पात्रता बघून लोकांना दडपण येत असावं. संकल्प: रोज पाचला उठून पेपर लिहिणे.

२० ऑगस्ट
आठला उठलो. संशोधनाचा थकवा.

५ नोव्हेंबर
आमच्याच विभागात जागा निघाली. मुलाखतीचं बोलावणं आलं. बायको म्हणाली, ही शेवटची, नाहीतर पहिल्या तारखेपासून दुकान. बेलाशक कबूल केलं. गाइडसरांचं लाइटबिल, त्यांचे पाहुणे, त्यांच्या कुत्र्याचं इंजेक्शन, सगळं मीच बघतो. माणूस परक्याला एवढी कामं सांगतो का?

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
सरांचा फोन. उद्याच्या मुलाखतीसाठी एक जण येतायत, स्टेशनवरून आण. टक्कल, जाड चष्मा, कोट. म्हणजे बाहेरचे तज्ज्ञ! सरांचा डाव लगेच ओळखला. स्कूटरवर हेल्मेटमधून ओरडून उद्याचं अख्खं लेक्चर ऐकवलं. अवघड प्रश्न, त्यांची उत्तरं, सगळं. मागून सारखं 'वा, वा' चाललं होतं. उतरताना माझ्या नोट्ससुद्धा मागून घेतल्या. बायकोला म्हटलं, दादाला नकार कळव.

२२ नोव्हेंबर
कालचे तज्ज्ञ आज उमेदवारांच्या बाकावर, माझ्याच शेजारी. विचारलं, आत नाही का गेलात?
"तुमच्या आधी माझा नंबर आहे," ते म्हणाले.
पाणी प्यायलो. मग आत जाऊन तेच लेक्चर दिलं. समितीतल्या बाई म्हणाल्या, हे आत्ताच ऐकलं, पण मघाशी जास्त सहज वाटलं.

२९ नोव्हेंबर
त्यांची निवड झाली. समितीला लेक्चर फार आवडलं म्हणे. म्हणजे तत्त्वतः निवड माझीच. बायकोला हे नीट समजावून सांगितलं.
"आणि पगार?" तिने विचारलं.
वाईट वाटलं. खरंच खूप वाईट वाटलं.

१ डिसेंबर
दुकान. मेहुण्याने काउंटर दाखवला. अर्थात तात्पुरतं आहे. दुपारी सरांचा फोन: नव्या प्राध्यापकांना भाड्याची खोली बघून दे, आणि त्यांचं सामान आलंय तेवढं स्टेशनवरून आण. मेहुण्याकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. पहिल्याच दिवशी? असं म्हणाला. विभागाचं माझ्याशिवाय पान हलत नाही, हे त्या टायरवाल्याला काय कळणार!