सात पानांचं झाड

२० जुलै, शनिवार
देवाच्या कृपेने नव्या घरी सुखरूप आलो. भाडं कमी, विहिरीला पाणी, मागे जंगल. पंचायतीच्या झाडं नोंदवायच्या कामात माझंही नाव लागलं. शिकवायला सेवरीन टीचर आहेत, फार हसऱ्या. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, म्हणाल्या, दहावी पास सून आता रानात पाला चघळणार, दूध किती देईल बघू!

२८ जुलै, रविवार
पान चोळून हुंगायचं, जिभेला लावून थुंकायचं, हे जमू लागलं. टीचर म्हणतात, नुसत्या पानावरून नाव सांगू नका, झाडावर कोण राहतं तेही बघा. आज चिखलात बसून आंब्यावरच्या मुंग्या, गोगलगायी, बुरशी बघितली. किळस आली, पण मजाही.

३ ऑगस्ट, शनिवार
उद्या आटी अमावास्या, म्हणजे इकडची आषाढातली अवस. पहाटे पुरुषांनी सप्तपर्णीची साल दगडाने ठेचून आणायची, घरादाराने काढा प्यायचा. अंधारात विषारी काजऱ्याची साल येऊ नये म्हणून आदल्या दिवशी झाडाला दोरा बांधतात. यंदा आमच्या घरात तो मान मला! सात पानं, चिरलं की दूध. बुंध्यावर मुंगी नाही, शेवाळ नाही. सोवळ्यातलं वाटलं. हात जोडून दोरा बांधला.

४ ऑगस्ट
यांनी साल आणली. लसूण, ओवा घालून काढा केला. कडू हवा, तर साईसारखा गोड. घशात हळूहळू ओघळला. मामींनी भांडं बोटाने निपटून चाटलं.

६ ऑगस्ट
यांच्या पाठीला खाज. खाजवलं तर कातडीची साल निघाली. खाली पांढरं, ओलं, आणि केसांसारखं काहीतरी, हलणारं. मी ओकले. त्यांच्या उष्ट्या भातावर माशीसुद्धा बसत नाही.
टीचर झाड बघून आल्या. म्हणाल्या, सप्तपर्णी कडू असते, तिच्यावर कितीतरी जीव असतात. हे काय आहे ते मला ठाऊक नाही. उद्या गाडी आणते, दवाखान्यात नेऊ. तोवर यांना मातीत पाय ठेवू देऊ नकोस.

७ ऑगस्ट
हे अंगणात. चिखलात उभे. ओढलं — तळवे सुटत नाहीत — खाली लिबलिबीत, तंतू तंतू — हे हसतात. म्हणतात, सोड ग, गार वाटतंय.

दुपारी
मामीही लेकाशेजारी. घोट्यापर्यंत आत. म्हणतात, ये की, दहावी पास, लाजतेस काय.
मी देवघरात. इथे फरशी आहे. माती नाही.
गाडी आली. टीचर ओरडतायत, निदान तू तरी बाहेर ये —
उठते. पाय —
फरशीच्या फटीत — पांढरं — माझंच —