चंद्रीची गाडी जप्त

६ ऑक्टोबर, सोमवार

ही वही आजऱ्याला काजूच्या कारखान्यात होते तेव्हा घेतलेली. रोज लिहायचं ठरवून. रोज उद्या. पहिल्या पानावर नुसतं माझं नाव, तेबी आधीच्या पेनानं. आज लिहिते कारण घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय आणि मामी म्हणते, एका जागी बस जरा.

माझी गाडी नेली. जप्त!

सकाळी शेण काढत होते. दारात दोघं. एक हवालदार, एक पांढऱ्या शर्टातला, काखेत फाईल.
"रेश्मा कोण?"
"मीच. या की पावणं, च्या टाकते."
(जप्तीला आलेल्यांना च्या विचारणारी अख्ख्या कोल्हापुरात तूच, असं मामी नंतर म्हणाली.)
पांढरा शर्ट म्हणाला, "मी कोर्टाचा बेलीफ. चौगुले. नो पार्किंगचा दंड भरला नाही, तारखेला आला नाहीत. हे वॉरंट."

कसला दंड? कसली तारीख? नोटिसा म्हणे कागलच्या खोलीवर गेल्या. एमआयडीसीत पॅकिंगला होते तेव्हाची खोली, गाडीच्या कागदावर तोच पत्ता. ती सोडली, मग आजरा, मग मधी थोडं गडहिंग्लज, आता मामाकडं. मी फिरले, गाडी मात्र कायम मामाच्या दारात. मोबाईलचं कार्डबी तेव्हाचं, कधीचंच बंद. कोर्ट आपलं रिकाम्या खोलीशी बोलत बसलं.

मामा गुडघा धरत बाहेर आला. काही बोलायच्या आत हवालदारानं किक मारली. गल्ली हादरली.
"सायलेन्सर कुठाय ह्याचा?"
मामा म्हणाला, "माळ्यावर हाय. देऊ काढून?"
माझा मामा असा.

आणि चंद्रीनं दावं तोडलं. म्हैस आमची. रेडकू होती तेव्हापासून ह्याच गाडीच्या आवाजामागं पळायला शिकवलेली, आधी मामानं, गुडघा गेल्यावर मी. दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतात, तेव्हा अख्खी गल्ली बघायला येते. तिला काय माहीत जप्ती. पुढं हवालदार गाडीवर, मागं चंद्री शेपूट वर करून, तिच्या मागं मी अनवाणी, सगळ्यात मागं बेलीफ फाईल सावरत. लोक म्हणायला लागले, ह्या वर्षी सराव लवकर सुरू झाला व्हय?

चौकीच्या आवारात गाडी बंद केली तशी चं. थांबली. गाडीला नाक लावून उभी. ओढून आणता आणता

मामी हाक मारतीया.

७ ऑक्टोबर

चं.नं सकाळी दूध चोरलं. मामा धारेला बसायच्या आधी गाडी चालू करायचा, आवाज आला की ती पान्हा सोडायची. आता आवाज न्हाई. मामानं तोंडानं आवाज काढून बघितला. तिनं मान वळवून असं बघितलं त्याच्याकडं, की मामाच लाजला.

कोर्टात निघाले. वाटेत एका दारात कुस्तीची माती चाळत होते. तेल, ताक, हळद घालून. वास असा की उभीच राहिले. मग एकानं विचारलं, ताई काय पायजे? तेव्हा आठवलं, कोर्ट. गेले तर जेवणाची सुट्टी.

दुपारी चौगुल्यांनी कागद दाखवला. माणूस वाईट न्हाई, फक्त बोलताना फाईलकडं बघतो. दंडाचा फोटो: नुसती नंबरप्लेट, वर थोडा मडगार्ड, बाकी अंधार. नंबर माझाच. जागा स्टँडजवळची. तारीख वाचली आणि बाकावर बसले.

गेल्या वर्षीचा पाडवा. सकाळची वेळ.

म्हणजे माझी गाडी तेव्हा चंद्रीपुढं पळत होती! हजार लोकांसमोर. स्टँडजवळ कोण उभं होतं मग माझा नंबर लावून?

"साहेब, ही माझी गाडी न्हाईच."
"मग तसं कोर्टाला सांगा. पुरावा द्या. मी फक्त नेणारा."
मी निघाले तर मागनं म्हणाला, "म्हैस पोचली का घरी?"

९ ऑक्टो.

पुरावा सापडला. आणि सापडला नसता तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीच्या तालमीच्या पोरानं गच्चीवरनं काढलेला व्हिडिओ. पाडव्याचा बोर्ड, वर्षासकट. कोपऱ्यात वेळ. मी, गाडी, नंबर स्पष्ट, मागं चं. शिंगाला मोरपिसं, पाठीवर रंगानं नाव. काय दिसते! चारदा बघितला. पाचव्यांदा मामीनं बघितला आणि म्हणाली, "हेल्मेट कुठाय तुझं?"

मग बघायलाच लागलो. हेल्मेट कुणालाच न्हाई. सायलेन्सर कुणालाच न्हाई, आवाजाशिवाय म्हशी पळतील कशा. शेजारच्या गाडीवर तिघं. सगळ्यांचे नंबर वाचता येतात. सगळी आमचीच गल्ली. एक दंड चुकीचा म्हणून दाखवायला जायचं आणि अख्ख्या गल्लीचे खरे दंड हातात द्यायचे.

मामा म्हणाला, दाखव. मामी म्हणाली, दाखवलास तर ह्या गल्लीत पाणी भरू देणार न्हाईत.

१० ऑक्टो.

बातमी पोचली. पोचणारच. बापूअण्णा आले, तालमीचे कारभारी. दारातनंच, "रेश्मे, तू आज हितं, उद्या आणि कुठं. आम्हाला हितंच ऱ्हायचंय."
मी म्हटलं, "अण्णा, गाडी गेली तर चंद्री पळत न्हाई."
"एक वर्ष न्हाई पळाली तर मरत न्हाई म्हैस."
"दूध देईना झालीया."
"मग ईक." एवढं सोपं. ईक.
बसा म्हटलं तर बसले न्हाईत. एरवी आमच्या च्याला नावं ठेवत दोन कप पितात.

मला लागलं ते 'आज हितं, उद्या कुठं'. खरंच हाय ते, म्हणून लागलं. कुठंच टिकले न्हाई मी. पण हितं सकाळी उठून एक जनावर माझ्या गाडीच्या आवाजाची वाट बघतं, हे

१३ ऑक्टो., सोम.

दूध अर्ध्यावर. निपाणीचा व्यापारी येऊन चं.चे दात बघून गेला. मामीनं बोलावलेला. मामा दिवसभर मामीशी बोलला न्हाई आणि मामी दिवसभर भांड्यांशी बोलली.

चौगुल्यांनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. शुक्रवारची तारीख लावली. शनिवारी दुपारपर्यंत कोर्ट, मग दिवाळीची सुट्टी. सुटली तर आत्ता सुटेल गाडी, न्हाईतर पाडवा गेला. आणि मामी म्हणते, पाडवा गेला तर म्हैस गेली.

चौकीत गाडी बघून आले. सीटवर कावळ्यानं घाण केलीया. पुसली. हवालदार म्हणाला, "चालू करू नका हं, बाई. परत यायची ती."

१७ ऑक्टो., शुक्रवार

सगळं लिहिते. सलग जमेल का माहीत न्हाई.

न्यायाधीश बाई होत्या. चष्मा कपाळावर. "पुरावा काय?" विचारलं. मी मोबाईल घट्ट धरलेला. मागं बाकावर बापूअण्णा, तालमीची चार पोरं. सगळ्यांची नजर माझ्या मोबाईलवर. मी मागं बघितलं. मग पुढं.

दिला मोबाईल.

आवाज पूर्ण मोठा होता! मला आवाज कमी करायचं सुचलंच न्हाई. अख्ख्या कोर्टात फटफटफट, शिट्ट्या, 'आली आली चंद्री आली'. बाहेरचे वकील आत धावत आले. शिपाई उभा राहिला. बाईंनी चष्मा खाली घेतला.
"चालवतंय कोण?"
"मी, मॅडम."
"आणि मागे ही म्हैस धावते?"
"व्हय. ती थांबत न्हाई."
कुणीतरी हसलं. बाई हसल्या न्हाईत. पुन्हा लावायला सांगितलं. नंबर बघितला, वेळ बघितली, दंडाचा फोटो बघितला.

म्हणाल्या, हा नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर वापरला गेलाय का, तपास करा. तोवर गाडी जामिनावर सोडा.

सुटली! असं वाटलं. मग सरकारी वकील उठले, व्हिडिओची प्रत पाहिजे. बाई म्हणाल्या, द्या. माझ्याच हातानं द्यावी लागली. मागं बघितलं तर बाक रिकामा.

आणि जामीन म्हणजे नुसती सही न्हाई. कोल्हापुरात स्वतःच्या नावावर घर असलेला माणूस पाहिजे, घरफाळ्याची पावती घेऊन, उद्या दुपारच्या आत. मामाचं घर भाड्याचं. ओळखीची सगळी घरं त्या व्हिडिओत.

संध्याकाळी मामा काठी टेकत दारोदार गेला. कोण जेवत होतं, कोण गावाला गेलतं, कोण घरात असून न्हवतं. परत आला आणि चंद्रीजवळ बसला. मी कुणाच्या दारात जाऊ? त्यांची पावती फाडणारी मीच.

चुकीचं मी काय केलं तेच कळत न्हाई. केलं न्हाई ते कोर्टाला पटलं, आणि गल्लीला

१८ ऑक्टो., शनिवार, सकाळ

जामीन मिळंना. निपाणीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येणार म्हणून मामीनं चं.ला धुतलं. धुताना रडत होती. मला बघून म्हणाली, साबण गेला डोळ्यात. म्हशीला कुठला साबण.

थांब. दार वाजतंय. टेम्पो एवढ्यात?

टेम्पो न्हाई. मामी धावत आत आली, पदर सावरत, कुजबुजत: बापूअण्णांच्या घरच्या वैनी आल्यात. एकट्या. आजवर ह्या दारात कधी आल्या न्हाईत. चपला काढून उंबऱ्यात उभ्या, पिशवी छातीशी धरलीया.

मी म्हटलं, भांडायला आल्या असतील.

मामीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं, अण्णांचं घर तिच्या नावावर हाय."