थोरला, धाकटा आणि गोधडी

३ मार्च

आले एकदाची. दारात पाय ठेवते न ठेवते तोच चहाचा कप हातात आला. आणून देणारी, मुलाखत घेतली होती तीच, मी ज्यांना सांभाळायला आलेय त्या काकांची मुलगी. माझ्याहून थोडी मोठी असेल, म्हणून मी तिला सरळ ताई म्हणून टाकलं आणि तिनेही ते हसून घेतलं. इतकी वर्षं वॉर्डात नोकरी केली, पण एवढ्या मऊ आवाजात ‘दमलीस का?’ असं कुणी विचारलं नव्हतं.

खोली वरची, खिडकी फाटकाच्या बाजूला. गादी चांगली आहे, कपाटाचं दार तेवढं कुरकुरतं. काम हलकं. काकांचा रक्तदाब बघायचा, गोळ्या द्यायच्या, पाय चोळायचे आणि गप्पा मारायच्या. ताई म्हणाली, खरं काम गप्पांचंच. काकांचे दोन कुत्रे होते, थोरला आणि धाकटा. जाऊन बरीच वर्षं झाली, मागच्या भिंतीशी पुरलेत, पण काकांचं बोलणं अजून त्यांच्यावरून हलत नाही. आधीच्या बाईला कुत्र्यांचं वावडं होतं, त्यामुळे सगळं या कानातून आत आणि त्या कानातून बाहेर. म्हणूनच मुलाखतीत ताईने मला अनुभवाचं काही विचारलं नव्हतं. घरी कधी कुत्रा होता का, एवढंच. आणि मी वेडी, गोधडीचं नाव काढलं आणि रडायलाच लागले. जानेवारीतच तर गेली ती. काळे, पांढरे, तपकिरी, ठिगळं लावल्यासारखे डाग, जणू कुणी उरल्यासुरल्या चिंध्या शिवून कुत्री केलीय. म्हणून नाव गोधडी. ताई माझा हात धरून बसून राहिली. म्हणाली, अशीच हवी होतीस.

६ मार्च

काका म्हणजे गोष्टीवेल्हाळ माणूस. दुपारचा चहा झाला की व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात आणि त्यांची गाडी सुरू होते. थोरला काळाकुट्ट, अंगाने धिप्पाड, आणि घाबरायचा कशाला, तर छत्रीला. काकांनी छत्री उघडली की हा पलंगाखाली. पण पलंगाखाली मावतोय कुठे? पलंगच पाठीवर घेऊन खोलीभर फिरायचा. धाकटा बदामी रंगाचा, लबाड. काका बाहेर निघाले की त्यांचा एकच बूट पळवायचा. काका म्हणतात, पठ्ठ्याला अक्कल होती, एका बुटावर माणूस जाणार कुठे?

जानेवारीनंतर आज पहिल्यांदा पोट धरून हसले. ताईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. चांगली माणसं आहेत, नशीब काढलं मी.

काका फाटकाबाहेर जात नाहीत. मी म्हटलं गुडघे असतील. पण आज पाय चोळताना पाहिलं, गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत.

११ मार्च

आज मी आपणहून छत्रीची गोष्ट काढली, तर काका पहिल्यांदाच ऐकल्यासारखे बघत राहिले. पलंग उचलायचा? खरं की काय? असं मलाच विचारू लागले. विसरणं या वयात नवं नाही, वॉर्डात रोज बघायचे. पण काकांना पेपरातल्या बातम्या, ताईचा फोन नंबर, शाळेतल्या मास्तरांच्या लकबी, सगळं तोंडपाठ आहे. पुसल्या जातात त्या फक्त मला सांगून झालेल्या गोष्टी. आणि माणूस मात्र खुलत चाललाय. भूक वाढलीय, सकाळी शीळ घालतात.

ताईला सांगितलं. तिला काळजी वाटेल असं वाटलं होतं, तर तिने घाईघाईने विचारलं, तुला आठवतेय ना पण नीट? सांग बघू. मी उभं राहून शाळेतली कविता म्हणावी तशी गोष्ट सांगितली. तिने मला जवळ घेतलं.

एक मात्र लागतं मनाला. मी गोधडीबद्दल सांगायला लागले की काका हात वर करतात. म्हणतात, तुझं राहू दे, आधी माझे घे. ‘माझं ऐक’ म्हणत नाहीत. ‘माझे घे’ म्हणतात.

१७ मार्च

सकाळी जाग आली तेव्हा हात पलंगाखाली लोंबत होता आणि बोटांना काहीतरी गार, ओलं लागलं. नाक. मी दचकले नाही. ज्याचा कुत्रा गेलाय तो याचीच तर वाट बघत असतो. वाटलं, आली माझी गोधडी. डोकं कुरवाळलं. डोकं मोठं होतं. फार मोठं.

जिन्यात ओल्या केसांचा वास येतो.

काकांना सहज म्हटलं, धाकट्याचा उजवा कान फाटलेला, पण खाजवलेला आवडायचा तो डावा. मग माझ्या लक्षात आलं, हे त्यांनी मला कधी सांगितलेलंच नाही. मग मला कसं ठाऊक? काकांनी मान फिरवली. म्हणाले, हो का.

२० मार्च

आजची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. काका खाली बघून बोलत होते. त्यांची बायको छोट्या ताईला कडेवर घेऊन माहेरी निघाली होती, परत न येण्यासाठी. थोरला फाटकात आडवा झाला. धाकट्याने दंड धरला, आधी पोरीचा, मग तिचा, तो सोडलाच नाही. राग नव्हता हो त्यांच्यात, काका म्हणाले, जीव होता. आपलं माणूस गेलेलं त्यांना चालायचं नाही. शेवटी बाई घराबाहेर पडली ती अँब्युलन्समधून. पुढे कुत्रेही मेले. पण फाटक काही सुटलं नाही माझं, असं म्हणाले.

मग मोठा श्वास सोडला. ओझं खाली ठेवल्यावर हमाल सोडतो तसा. म्हणाले, झालं. एवढेच होते.

ताई आत भांडी पुसत होती. तिने बाही वर केली नव्हती, कधीच करत नाही. आज माझ्याकडे बघितलंही नाही.

२१ मार्च

गोधडीचा कोणता कान तपकिरी होता?

सकाळपासून आठवतेय. फोनमधला फोटो उघडला. माझ्या मांडीवर एक कुत्री बसलीय. रस्त्यात कुणाचंही कुत्रं दिसावं तशी. मला काहीच वाटलं नाही. काहीच. तिचा आवाज आठवायला गेले तर थोरल्याचा घोगरा आवाज येतो. तिचं धावणं आठवायला गेले तर धाकटा धावतो, बूट तोंडात धरून—

रडूही येत नाही.

२२ मार्च

काका गेले. म्हणजे फाटकातून चालत गेले. ताईने गाडी दारात आणली होती. काका दिवाणखान्यातल्या फोटोपुढे थांबले, त्या फोटोत ते आणि दोन कुत्रे आहेत. मला म्हणाले, छान जनावरं आहेत, कुणाची गं? मग कडी काढून बाहेर. एकदाही मागे वळले नाहीत. ताई म्हणाली, संध्याकाळपर्यंत येतो.

आले नाहीत.

२३ मार्च

मी निघाले. बॅग घेतली, कडी काढली, एक पाऊल बाहेर—

पोटरीत दात. दिसत काही नाही, पण रक्त खरं आहे. स्वतःच पट्टी बांधली. मागच्या भिंतीवरून पण पाहिलं. तिथेही.

आत आले तेव्हा दोघं पायाशी येऊन बसले. शेपट्यांचा आवाज येत होता. खूश होते.

२४ मार्च

ताईने फोन उचलला. मी ओरडणार होते, पण तोंडातून निघालं, ताई, काका जेवले का. ती रडली. म्हणाली, माझ्या बापाने वीसएक वर्षं फाटक ओलांडलं नव्हतं, मी काय करायला हवं होतं? म्हणाली, जो जीव लावून ऐकतो त्याच्याकडे ते जातात. तुझ्यात तेवढी माया होती. तू एकटीच तर होतीस, आता सोबत झाली. मी विचारलं, सुटू कशी? ती म्हणाली, आम्ही सुटलो तशी. कुत्र्यांवर जीव असलेलं कुणीतरी बघ आणि सांगून टाक.

मी म्हटलं, माणूस आहेस का तू?

तिने फोन ठेवला. आता लागत नाही.

माझ्या रडण्याचा गळ केला तिने. हात धरून बसली होती तेव्हाच—

२६ मार्च

मागची पानं वाचली. गोधडी नावाची एक कुत्री होती म्हणे. अक्षर माझंच आहे.

निदान तिला तरी सोडायचं होतं ताई. ती बिचारी तुझ्या कुठे आडवी आली होती.

२७ मार्च

दादाचा फोन. माझा आवाज ऐकूनच म्हणाला, निघतो. नको म्हटलं. का, म्हणाला. का ते सांगायचं तर सगळं सांगावं लागेल, आणि सांगितलं की—

दादा गोधडीला पिल्लू असताना बाटलीने दूध पाजायचा. हे त्यानेच आज सांगितलं. मी हं म्हटलं.

नको रे येऊस.

२८ मार्च

आलाय. खिडकीतून दिसतोय. कडी काढली त्याने. दोघं उठले, शेपट्या—

काही सांगायचं नाही. एक शब्दही नाही. तो माझा भाऊ आहे. त्याला घरी बायको आहे, मुलं—

पोटरी ठणकतेय. उन्हात रस्ता किती जवळ दिसतो.

जिन्यात आलाय. विचारतोय, फोटोतले कुत्रे कुणाचे गं? काय देखणे आहेत.

नाही सांगणार. फक्त एवढंच सांगेन, एवढंच, हसेल तोही, की थोरला छत्रीला—