पिवळं दुपटं

जोहे, ता. पेण

चि. सौ. कमळीस सासूचा आशीर्वाद.

बाळाला माझ्याकडे ठेवून तू परवा रोह्याला माहेरी गेलीस, म्हणून शेजारणी बोलतात. मी नाय बोलणार गो. "माझ्या तापानेच त्याला कावीळ झाली, जवळ घेतलं तर पुन्हा होईल," म्हणून तू रडायचीस, ते मी पाह्यलंय.

काल तपासणीला मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, "सुनेला गरोदरपणी ताप आला होता, त्यानेच याची पित्ताची नळी बंद झाली काय?"

ते म्हणाले, "आजी, एखाद्या विषाणूमुळे असं होत असावं, असा संशय आहे. पण खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. आईचा यात दोष नाही. तिने त्याला खुशाल पाजावं."

त्या नळीच्या ऑपरेशनआधी त्याची शी पांढरीफटक असायची ना? आज शीने दुपटं पिवळं झालं, म्हणजे पित्त उतरायला लागलं गो. तुझा नवरा ते हातात धरून हसत बसलाय.

हे पत्र टाकत नाय. ते पोचायला दोन दिवस लागतील आणि हा आताच भुकेने रडतोय. याला घेऊन दुपारच्या एसटीने मीच येते. तू आधी याला घे, माझ्या पाया मागाहून पड.

तुझीच,
धोंडुबाई