खाऱ्या बोअरची किल्ली

मी, सेवादास नेमसिंग राठोड, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार बोरीचा तांडा, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, एक कान तेवढा गेला आहे, आणि या लिखाणासाठी कोणी दडपण आणलेले नाही. वकिलांनी थोडक्यात लिहायला सांगितले होते. ते त्या गेलेल्या कानाला सांगितले.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी बिजलीबाई हिची. तिच्या हयातीत कोणी वाटा मागू नये.

२. कपाशी-तुरीचे चार एकर मुलगा शाम याला. फवारणीचा पंपही त्याचाच. तो त्याने आजवर धुतलेला नाही, आता तरी धुवावा.

३. अर्धा एकर द्राक्षबाग, जुनी विहीर आणि बोअर सून संगीता हिच्या एकटीच्या नावे. याचे कारण लिहिणे भाग आहे.

तरुणपणी मी नाशिककडे छाटणीला जात असे. तिथून द्राक्षाचा नाद घेऊन आलो, पुढे इथे वेल लावले, तेव्हा तांडा हसला. विहीर पुरेना म्हणून बोअर घेतला. पाणी भरपूर, पण खारट. तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या, शेंडे खुंटले. वेल तहानले असे समजून मी आणखी पाणी सोडले. मातीवर पांढरा थर आला. संगीता तेव्हा नवी सून, सासऱ्याशी बोलायची तिची ती पहिलीच वेळ. म्हणाली, "बाबा, या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. ते वेलीले कायले पाजता?"

मी चारचौघांत तिला चूल सांभाळायला सांगितले. त्या साली दोनशे वेल वाळले. माती तपासणीतही तेच निघाले: क्षार इतके वाढले होते की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येईना. मग तिच्याच सांगण्यावरून बोअर बंद केला, चर खोदले, पावसाचे पाणी मुरवून क्षार धुऊन काढले, खारटपणा सोसणारे खुंट लावून त्यांवर कलमे बांधली. आज बाग हिरवीगार आहे आणि मी सुखात आहे. माफी मात्र राहिली. शब्द तोंडाशी आला की मी चहा मागत असे.

४. बोअरच्या पेटीची किल्ली संगीताकडे राहील. उन्हाळ्यात शाम ती मागेल, कारण पाणी सोडायची घाई त्याने माझ्याकडूनच उचलली आहे. देऊ नये.

५. माझ्या तेराव्याचे वरण विहिरीच्या पाण्यात शिजवावे.

वरील मजकूर काल संगीताकडून वाचून घेतला. चुलीच्या ओळीपाशी ती थांबली. मी म्हणालो, "पोरी, चूक माही होती."

"ते मले माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तुमी कवा म्हणता, ते पाहून राह्यली होती."

सबब कलम तीनमधला एकही शब्द खोडलेला नाही.

ठिकाण: घाटंजी
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

सही: सेवादास नेमसिंग राठोड

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. धर्मपाल खोब्रागडे
२. मारोती आत्राम